नशिबाचा वाटा, तंबाखूचा वाटा

भंडाऱ्याहून वैनगंगा ओलांडली की पलीकडच्या तीरावर कारधा लागतं. इथला इंग्रजांच्या काळातला लहान पूल मोठ्या पुरात पाण्याखाली जातो आणि तेवढ्यापुरतं गावाचं नाव वर्तमानपत्रात येतं. एरवी धानाची शेती, महामार्गावरची वाहतूक आणि पूर्व विदर्भात कुठेही दिसावेत तसे पानठेले. ठेल्यावरचा माणूस जाड पन्नीत सुपारीचे तुकडे, सुगंधित तंबाखू आणि चुना टाकतो, पाण्याचे दोन थेंब शिंपडतो आणि तळहाताने घोटायला लागतो. सुपारी मऊ पडते, तंबाखू तिला चिकटतो, पन्नी कोमट होते. खर्रा तयार. तो गालात दाबून माणूस शेतावर, कामावर, शाळेतसुद्धा जातो.

याच ठेल्यांवर कर्करोगाबद्दलचा एक वाद पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. कुणीतरी म्हणतो, "आमचा आजा जिंदगीभर बिडी ओढत होता, काई झालं नाई त्याले." दुसरा म्हणतो, अमक्याने कधी सुपारी तोंडात धरली नाही आणि तो चाळिशीत गेला. मग कपाळाकडे बोट जातं आणि विषय संपतो. हाच वाद, जवळजवळ याच शब्दांत, 2015 च्या पहिल्या तीन महिन्यांत अमेरिकेतल्या प्रयोगशाळेपासून दिल्लीच्या संसदेपर्यंत झाला. त्याच काळात महाराष्ट्राचं अत्यंत जवळचं माणूस गेलं. त्या तीन महिन्यांकडे येण्याआधी मागे जायला हवं, कारण या वादातला महत्त्वाचा पुरावा फार पूर्वी मुंबईतल्या परळमध्ये गोळा झाला होता आणि तो गोळा करणारा माणूस मूळचा गोव्याचा होता.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म 1895 मध्ये गोव्यातल्या केपे इथला. लंडनमध्ये विकृतिशास्त्र शिकून ते मुंबईला परतले, वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागले आणि 28 फेब्रुवारी 1941 ला परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. सूक्ष्मदर्शकाखालचा काचेचा तुकडा हे त्यांचं काम. पण त्यांनी त्या तुकड्यामागच्या माणसाची चौकशी सुरू केली. रुग्ण कुठला, कोणत्या समाजाचा, काय खातो, तंबाखू घेतो का, घेतो तर तोंडात कुठे धरतो, कोणत्या गालात, किती वेळ. तोपर्यंत भारतात हे अगदीच कुणी पाहिलं नव्हतं असं नाही. त्रावणकोरमधल्या नेय्यूर इथल्या डॉ. ऑर यांनी 1933 मध्ये पान-तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगावर लिहिलं होतं. पण खानोलकरांकडे देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले रुग्ण होते आणि 1944 मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग 1,000 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला.

या कामातून वर आलेली एक गोष्ट मला आजही सगळ्या आकडेवारीपेक्षा भारी वाटते. ज्या गालात तंबाखूची गोळी, त्याच गालात गाठ. खालच्या ओठामागे खैनी दाबणाऱ्याला तिथेच व्रण. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचं, म्हणजे जाड चिरुटाचं, जळतं टोक तोंडाच्या आत धरून ओढणाऱ्या बायकांना टाळूवर. नुसतं नशीबच हे सगळं करत असतं, तर त्याने डावा गाल की उजवा, ओठ की टाळू, हे इतकं नेमकं कसं ओळखलं असतं?

1945 मध्ये खानोलकर आणि सूर्याबाई यांनी भारतातल्या चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांवर एक लेख लिहिला. त्यात खैनी आणि चुट्ट्याच्या बरोबरीने धोतराचा कर्करोग आहे. कंबरेला धोतर घट्ट आवळून बांधायचं, त्याच जागी रोज घाम, रोज घर्षण, वर्षानुवर्षं. तिथली कातडी आधी काळवंडते, मग पांढरी पडते, जाड होते आणि एखाद्याच्या बाबतीत तिथे न भरणारा व्रण होतो. पुढे लुगड्याच्या, साडीच्या आवळलेल्या गाठीखालीही असाच कर्करोग सापडला. या रोगात तंबाखू नाही, व्यसन नाही, दुर्गुण नाही. आपल्या आजोबा-पणजोबांचा रोजचा पेहरावच फक्त आहे. एकट्या महाराष्ट्रात लाखो माणसं धोतर नेसत होती आणि हा रोग त्यांतल्या अगदी मोजक्यांना झाला. धोतर नेसलं नसतं तर कंबरेवर नेमक्या त्या जागी तो झाला नसता. नेसणाऱ्या असंख्यांतून ह्यालाच का झाला, याला मात्र धोतर उत्तर देत नाही. माझ्या मते, सवय आणि योगायोग यांची एवढी स्वच्छ गाठ दुसऱ्या कोणत्याही उदाहरणात सापडणार नाही.

लंडनमध्ये डॉल आणि हिल यांचा धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगावरचा प्रसिद्ध लेख 1950 चा. परळचं काम त्याच्या आधी सुरू झालेलं होतं आणि पुढेही चालू राहिलं. 1952 मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे पहिले संचालक खानोलकरच. 1955 मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणं व चघळणं आणि घशा-तोंडाचे कर्करोग यांचा संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. 1971 मध्ये डॉ. जस्सावाला आणि देशपांडे यांनी मुंबईतल्या 2,005 रुग्णांची तितक्याच निरोगी माणसांशी तुलना केली. त्यातून दिसलं की बिडी ही गरिबाची निरुपद्रवी करमणूक नाही, तिचा धोका सिगारेटहून कमी तर मुळीच नाही. मग संशोधक गावोगाव गेले. पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 ग्रामस्थांची तोंडं तपासून केलेला अभ्यास 1972 मध्ये छापून आला. एक लाखावर माणसांना "आ करा" म्हणणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी.

बिडीचा प्रश्न भंडाऱ्यात नुसता आरोग्याचा कधीच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरच्या बाजूने वाढलेला हा धंदा इथे रुजला, कारण जंगलात तेंदू होता आणि धानाच्या हंगामानंतर रिकामे हात होते. गोंदिया, तिरोडा, भंडारा या पट्ट्यात बिडीने अनेक घरं जगवली. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन तेंदूपत्ता तोडायचा, पुडे बांधायचे, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. पुढे सट्टेदाराकडून, म्हणजे बिडीच्या कंत्राटदाराकडून, पान आणि जर्दा आणून बाया दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायच्या. बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला तो 1966 मध्ये. म्हणून जीवनशैली हा शब्द कर्करोगाच्या संदर्भात कुणी फार सहज वापरला की मला अडखळायला होतं. ज्या घरात जर्द्याची धूळ अन्नावर बसत होती आणि त्याच जर्द्यातून पोरांच्या वह्या येत होत्या, तिथल्या माणसाने तंबाखू निवडला म्हणायचं की तंबाखूने त्याला निवडलं?

आता वादाची दुसरी बाजू. योगायोगाची गोष्टही तितकीच खरी आहे आणि तीही जुनी आहे. खानोलकरांच्याच केंद्रात पुण्याच्या कमल रणदिवे काम करत होत्या. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्याकडे शिकून त्या परतल्या आणि मुंबईत त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवर त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा त्यात कसा मेळ बसतो, हा त्यांचा विषय. अशा अभ्यासात शुद्ध वाणाचे उंदीर वापरतात. पिढ्यानपिढ्या जवळच्या नात्यात वाढवल्यामुळे ते जुळ्या भावंडांइतके सारखे असतात. पिंजरा तोच, दाणा तोच, पाणी तेच. तरीही गाठ सगळ्यांना एकाच वयात येत नाही आणि काहींना येतच नाही. रक्त सारखं, राहणी सारखी, मग उरलेला फरक कुठून आला? योगायोगाखेरीज त्याला दुसरं नाव नाही.

हा योगायोग पेशीच्या विभाजनात घडतो. एका पेशीच्या दोन होताना जनुकसंचातली सुमारे तीन अब्ज अक्षरं पुन्हा उतरवली जातात आणि दर वेळी काही चुका राहून जातात. बहुतेक चुका निरुपद्रवी जागी पडतात. क्वचित एखादी नेमक्या अशा जनुकात पडते, की पेशीच्या वाढीवरचा लगाम सैल होतो. एका चुकीने कर्करोग होत नाही, अनेक चुका एकाच पेशीच्या वंशात साठाव्या लागतात. आर्मिटेज आणि डॉल यांनी 1954 मध्ये हे गणित मांडलं. वय वाढतं तसा कर्करोग का वाढतो, याचं उत्तर त्यात आहे.

2 जानेवारी 2015 ला 'सायन्स' या नियतकालिकात तोमासेत्ती आणि व्होगेलश्टाइन यांचा लेख आला. दोघेही जॉन्स हॉपकिन्सचे, म्हणजे जिथे रणदिवे शिकल्या होत्या तिथलेच. त्यांनी शरीरातल्या 31 ऊतींची तुलना केली. ज्या ऊतीतल्या मूळ पेशी जास्त वेळा विभागतात, त्या ऊतीत कर्करोग जास्त. ऊती-ऊतींमधल्या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग विभाजनांच्या संख्येशी जुळत होता. मोठ्या आतड्यात कर्करोग जास्त आणि लहान आतड्यात कमी का, असल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. पण जगभरच्या मथळ्यांनी वेगळंच सांगितलं: दोन तृतीयांश कर्करोग निव्वळ दुर्दैवाने होतात. लेखात असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. 13 जानेवारीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेला जाहीर पत्रक काढून या निष्कर्षाशी असहमती नोंदवावी लागली.

घोटाळा कुठे झाला, हे तोंडाच्या कर्करोगावरून चटकन लक्षात येतं. गालाच्या आतल्या पेशी भंडाऱ्यात जितक्या वेळा विभागतात, तितक्याच डेन्मार्कमध्ये. तोंडाचा कर्करोग मात्र भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग आहे. आतड्यात आणि गालात फरक का, हा एक प्रश्न. एका देशात आणि दुसऱ्या देशात फरक का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं गेलं. त्याच दोघांनी 2017 मध्ये हिशेब अधिक नीट मांडला. कर्करोगातल्या घातक जनुकीय बदलांपैकी सुमारे 66 टक्के पेशी विभागतानाच्या चुकांमुळे, 29 टक्के परिसर आणि सवयींमुळे, 5 टक्के आनुवंशिक. पण रोगागणिक हे प्रमाण पार बदलतं. फुप्फुसाच्या एका मुख्य प्रकारात सवयी आणि परिसराचा वाटा 65 टक्के. आणि अनेक बदल साठल्याशिवाय रोग होत नसल्यामुळे त्यांतला एक जरी टळला, तरी रोग टळू शकतो.

कारध्याच्या माणसाला हे पुराच्या भाषेत सांगता येईल. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर इथे कुणी विसरलेलं नाही. पाऊस किती पडेल हे कुणाच्या हातात नव्हतं. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणातून पाणी किती आणि कधी सोडायचं, हे काही माणसांच्या हातात होतं. घर नदीच्या किती जवळ, हे काही प्रमाणात घरमालकाच्या हातात आणि बरंचसं त्याच्या ऐपतीवर. एकाच्या घरात पाणी शिरलं आणि शेजारच्याच्या ओट्याशी थांबलं, म्हणून पूर हा केवळ नशिबाचा खेळ होता असं इथला कुणीही म्हणणार नाही.

जानेवारीतले मथळे अजून ताजे असताना 16 फेब्रुवारी 2015 ला मुंबईत आर. आर. पाटील गेले. तासगावजवळच्या अंजनीचे आबा. ग्रामस्वच्छता अभियानाने गावोगावी पोचलेला, साध्या राहणीचा माजी गृहमंत्री. त्यांनी गडचिरोलीचं पालकमंत्रीपद मागून घेतलं होतं, म्हणजे ही वैनगंगा पुढे जिथे जाते त्या मुलखाशी त्यांचं नातं होतं. त्यांना तोंडाचा कर्करोग झाला होता. तंबाखूची सवय होती, हे त्यांच्या जवळच्या लोकांनी जाहीरपणे सांगितलं. राज्यात गुटखाबंदी आली ती जुलै 2012 मध्ये, तेच गृहमंत्री असताना. महाराष्ट्र हळहळला. तंबाखू खाणारा प्रत्येक जण मरत नाही हे ठाऊक असलेल्या माणसांनाही त्या दिवशी गालातल्या गोळीची जाणीव झाली असेल.

त्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते. तंबाखूच्या पाकिटावर 85 टक्के जागेत चित्रमय इशारा छापण्याचा नियम 1 एप्रिलपासून लागू व्हायचा होता. त्याचा विचार करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी यांनी मार्चच्या अखेरीस असं मत मांडलं की, तंबाखूमुळे कर्करोग होतो हे दाखवणारे अभ्यास परदेशातले आहेत, भारतात तसं सिद्ध झालेलं नाही. बिडीवर पोट असणाऱ्यांचा विचार करायला हवा, हेही त्यांनी सांगितलं. नियम पुढे ढकलला गेला आणि वर्षभराने, 1 एप्रिल 2016 पासून लागू झाला. बिडी कामगारांची काळजी मला पटते, ती भंडारा-गोंदियाला कुणी शिकवायची गरज नाही. पहिलं विधान मात्र धादांत चुकीचं होतं. परळच्या 1,000 रुग्णांचा आढावा तेव्हा 71 वर्षांचा झाला होता. ज्या राज्यातून हे खासदार निवडून गेले, त्याच राज्यातल्या पुणे जिल्ह्यात लाख माणसांची तोंडं तपासून झाली होती. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी आयुष्य घालून उभा केलेला पुरावा मराठी नेत्याला ठाऊक नसावा, याचं दुःख होतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत खानोलकर आणि रणदिवे यांना किती ओळी मिळतात, हेही त्यासोबत विचारायला हवं.

सवयीवर बोट ठेवताना दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका आहे आणि तो मोठा आहे. रोगी दिसला की लोक विचारतात, काय खात होता? बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथे बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक दिसला. तो एका विषाणूमुळे होतो. त्यात त्या बाईचं व्यसन नाही, तिचं पाप तर नाहीच. शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. विषाणूची एकच तपासणी करून वेळीच उपचार केल्यावर या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिथे कमी होती ती तपासणीची सोय.

आणि विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव घेतल्यावर कुणाला आणखी काय सांगायचं? खंजिरी हातात घेऊन गावोगाव व्यसनाविरुद्ध बोललेला हा माणूस. 11 ऑक्टोबर 1968 ला, वयाच्या 59 व्या वर्षी, मोझरीच्या गुरुकुंजात कर्करोगाने त्यांचं निधन झालं. नागपूरचं प्रादेशिक कर्करोग रुग्णालय त्यांच्याच नावाने आहे. भंडाऱ्याचे कितीतरी रुग्ण तिथे जातात. त्या पाटीखालून आत जाणाऱ्या एकाही माणसाला त्याच्या रोगाबद्दल दोष देण्याचा अधिकार कुणाला नाही.

ठेल्यावरच्या त्या आजाचा हिशेबही सांगून टाकतो. रिचर्ड पेटो आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये ब्रिटनमधल्या पुरुषांचे आकडे मांडले. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्या 100 जणांपैकी सुमारे 16 जणांना 75 वर्षांपर्यंत फुप्फुसाच्या कर्करोगाने गाठलं, असा तो हिशेब. म्हणजे 84 आजे फुप्फुसाच्या कर्करोगातून सुटले, जरी त्यांतल्या कितींना हृदयविकाराने किंवा दम्याने नेलं हा वेगळा भाग. कधीच न ओढणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 100 मागे एकाहूनही कमी होतं. पन्नाशीत सोडणाऱ्यांत ते 6 पर्यंत आणि तिशीत सोडणाऱ्यांत 2 पर्यंत खाली आलं. सोळामध्ये आपण असू की चौऱ्याऐंशीमध्ये, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. सोळाचे दोन करणं मात्र माणसांच्या हातात आहे, हे त्या आकड्यांनी दाखवलं.

बिडीचं चलन आता बरंच ओसरलं आहे. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते, पण तंबाखू चघळणारे किंवा दातांना लावणारे 24.4 टक्के. बिडीची जागा खर्र्याने घेतली आणि खर्र्यात तंबाखूच्या जोडीला सुपारी आहे. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच दिला आहे. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठरते आणि तोंड उघडेनासं होतं. 1953 मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी भारतात या विकाराची नोंद केली. आज तो विशीतल्या पोरांमध्ये दिसतो.

तेव्हा खर्रा खाणाऱ्या प्रत्येकाला, आणि त्याच्या घरच्यांना, एक विनंती. आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, ते आज पाहा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवडे न भरलेला व्रण असेल, तिखट झोंबत असेल, तर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात तोंड दाखवून या. सोडायचं मनात असेल तर 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक त्यासाठीच आहे आणि त्यावर फोन करायला पैसे लागत नाहीत.